कामटीवरची पपई

काकूने जुनं सूप उसवायला घेतलं तेव्हा मला कळलं, की ती खरंच करणार आहे. सूप तुटकंच होतं, परड्यात कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलेलं. तिने त्याच्या बांबूच्या कामट्या एकेक करून ओढून काढल्या, घासून धुतल्या, सुरीने सोलून बारीक केल्या आणि टोकं पाट्याच्या कडेवर घासून बोथट केली. पोरांच्या टाळूत घुसायला नकोत म्हणून. समोर मोबाइल डब्याला टेकवून उभा केला होता. त्यात कुठल्यातरी मोठ्या शहरातली बाई काचेच्या टेबलावर फळांचे तुकडे काडीत ओवत होती आणि हसत होती. काकू हसत नव्हती. परीक्षेला बसल्यासारखी ती बघत होती.

हे सगळं तिच्या मुलीने मागितलं होतं. घरात तिला सगळे लहानी म्हणायचे, तेव्हा ती तिसरीत होती. भादव्यात तिचा बाप, म्हणजे माझा काका, तापाने गेला. भंडाऱ्याला नेईपर्यंत उशीर झाला होता. तो उशीर कोणी केला यावर मी वेगळं लिहिलं आहे, इथे लिहीत नाही. काका गेल्यापासून लहानीने कोणाला काही मागितलं नव्हतं. ताटात वाढलं तर अर्धं खायची. शाळेतून आली की मागाच्या बंद खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहायची. आमच्या पवनीच्या घरात कोशाचं रेशमी कापड विणणारा काका शेवटचाच. त्याच्या मागे ती खोली कोणी उघडली नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. गल्लीतली पोरं पार्टी करू म्हणत मोबाइल घेऊन आली. त्यात ही काडीवरची रंगीत फळं होती. लहानीने ती पाहिली आणि काकूचा पदर ओढून म्हणाली, "आई, असं करशील?"

काकू स्वयंपाकघरात गेली, तिथे भिंतीकडे तोंड करून रडली, आणि बाहेर येऊन सूप उसवायला बसली. ही पोर पुन्हा काही मागू लागते का, पोटभर खाते का, एवढाच प्रश्न त्या दिवशी आमच्या घरात होता.

फळं आणायला मी गेले. पूर्वी उन्हाळ्यात वैनगंगेच्या वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या असायच्या (खरबुजाला आमच्याकडे डांगर म्हणतात), फळ नावेतून काठाला उतरायचं, असं बाबा सांगतात. आता धरणाचं पाणी वाळूवर चढून बसलं आहे आणि नदीकाठच्या गावात टरबूज ट्रकमधून येतं. यावरही बाबांचं एक पत्रक आहे.

मी पत्रकांवर वाढले. आजोबा विणायचे, काका विणायचा, बाबांनी मागाकडे पाठ फिरवली आणि सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकानात पाने-पंपांच्या शेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे. गंडेदोरे, हुंडा, दारू, दवाखान्यातली रिकामी खुर्ची, ज्याचा राग येईल त्यावर बाबा एक पान लिहायचे आणि ते स्वस्त गुलाबी कागदावर छापून बाजारात वाटायचे. उरलेल्या पानांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं केली. दुसरी बाजू आपोआप पाठ झाली. त्यातलं बहुतेक सगळं खरं आहे असं मला अजूनही वाटतं. हे आधीच सांगते, कारण पुढे वाचताना कोणाला वाटेल की माझं मत बदललं. बदललेलं नाही.

टरबूज आणलं, डांगर आणलं, हिरवी द्राक्षं, चिकू, केळी. मोबाइलमधल्या काडीवर मधोमध एक पिवळा-केशरी तुकडा होता. तो आंब्याचा होता.

"आंबा तं नाही चालत," काकू म्हणाली. "अक्ती व्हायची हाय."

अक्ती म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी मातीची नवी घागर पाण्याने भरतात, तिच्या तोंडावर आंबा ठेवतात आणि घरातल्या मेलेल्यांची नावं घेऊन त्यांना पाणी देतात. त्याआधी आंबा खायचा नाही. आधी पितरांनी, मग आपण. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल तिथे तर फारच कडक. कारण गेलेला माणूस पहिल्या अक्तीपर्यंत पितरांत बसलेला नसतो. तो बाहेर उभा असतो, तहानलेला. अक्तीला त्याच्या नावाची घागर भरली की त्याला पितरांत मिळवलं असं म्हणतात. मग तो बसतो आणि पाणी पितो.

बाबांचं अक्तीचं पत्रक दरवर्षीचं ठरलेलं होतं: मेलेल्यांच्या घागरी भरण्यापेक्षा जिवंत माणसांसाठी पाणपोई लावा. नुसतं लिहायचे नाहीत, दुकानापुढे स्वतः रांजण मांडायचे. त्या वर्षी रांजण मांडला, पत्रक मात्र निघालं नाही. मी विचारलं, "या वर्षी काहून नाही?" ते म्हणाले, "प्रेसवाला गावाले गेला हाय." प्रेसवाला गावातच होता.

आंब्याच्या जागी काकूने पपई घ्यायची ठरवली. आमच्या परड्यात पपईचं झाड होतं आणि त्यावर एक फळ पिकून केशरी झालं होतं. मी म्हटलं, "काकू, लहानी नाही खाणार." तिलाही ते माहीत होतं. काका आजारी असताना कोणीतरी सांगितलं होतं, की डेंगूला पपईच्या पानांचा रस देतात. काकू त्याच झाडाची पानं ओरबाडून वाटायची, फडक्यातून पिळायची आणि लहानी वाटी धरून उभी असायची. काका तो हिरवा कडू रस प्यायचा आणि वर पपईची फोड खायचा, पोरीसमोर तोंड वाकडं न करता. काका गेला. झाडाला पुन्हा पानं आली, फळं लागली. लहानी त्या झाडाखालून जायची नाही. पपई कापली की नाक दाबून बाहेर पळायची.

"ओळखू नाही येणार," काकू म्हणाली. तिने पपईचे चौकोनी तुकडे केले, त्यांच्यावर साखर भुरभुरवली, लिंबू पिळलं, वेलची कुटून टाकली आणि ताट झाकून ठेवलं. मी कामट्यांवर द्राक्षं ओवत होते. साली आणि बिया मी टोपल्यात भरून परड्याच्या कोपऱ्यात नेऊन टाकल्या.

थोड्या वेळाने ताटावरचं झाकण निघालं तेव्हा पपईचा वास खरोखरच उरला नव्हता. नुसती वेलची. लहानी दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ ती ताटाकडे बघत होती.

"आई, हा आंबा हाय?"

काकूचा हात थांबला. ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं, पण ती पोरीकडेच बघत होती. पोरीच्या तोंडात पाणी आलं होतं, ते दिसत होतं. काका दर वर्षी अक्तीच्या दुसऱ्या दिवशी पिशवीभर गावरान आंबे आणायचा आणि दोघं बापलेक परड्यात बसून कोपरापर्यंत रस गाळत खायचे.

"हो," काकू म्हणाली. "आंबाच हाय. कोणाले सांगू नको."

आणि तिने एक तुकडा उचलून पोरीच्या तोंडात टाकला. लहानीने डोळे मिटले. चावला. गिळला. डोळे उघडून म्हणाली, "अजून दे."

ते ऐकून काकूचा चेहरा जसा उजळला, तसा मी नंतर कधी पाहिला नाही.

पार्टी परड्यात झाली. दोन जुन्या साड्या बांधून सावली केली होती. खाली बाबांची उरलेली गुलाबी पत्रकं अंथरली, म्हणजे रस सांडला तरी चालेल. अर्धं टरबूज पालथं ठेवून त्यात सगळ्या कामट्या खोचल्या. टरबुजाचं लाल, डांगराचं फिकट, द्राक्षाचं हिरवं आणि मधे ते केशरी. पोरं भोवती उकिडवी बसली.

"हे तं मोरावाणी दिसून राहिलं."

"मोर कुठचा बे. साळिंदर हाय ते."

"साळिंदराले द्राक्षं लागते काय?"

"तुह्या घरच्याले लागत असंन."

लहानी हसली. तोंडावर हात न ठेवता, दात दाखवून. तिने तीन-चार काड्या संपवल्या आणि प्रत्येक काडीवरचा केशरी तुकडा शेवटी खायला बाजूला राखून ठेवला. शेजारच्या मुलीने तो मागितला तर म्हणाली, "हा माह्या हाय." काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती.

तेवढ्यात अड्याळहून आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची आणि काकाची मोठी बहीण. आजी लवकर गेली तेव्हा काका रांगत होता. आत्यानेच त्याला कडेवर वागवलं, लग्न झालं तेव्हा सासरीही घेऊन गेली आणि तिथेच शाळेत घातलं. अक्ती चार-पाच दिवसांवर आली होती, म्हणून ती भावाला पितरांत मिळवायला आली होती. काखेत साडीत गुंडाळलेली नवी घागर होती. अड्याळच्या बाजारात कुंभाराकडून वाजवून-वाजवून घेतलेली, आणि बसमध्ये फुटू नये म्हणून मांडीवर धरून आणलेली. ती तिने ओसरीत हळूच ठेवली, पाय धुतले आणि परड्यात आली.

पोरीला हसताना बघून ती आधी खूश झाली. हे मला सांगायलाच हवं. ती बाजेवर बसली, लहानीला ओढून मांडीवर घेतलं, तिचं चिकट तोंड पदराने पुसलं.

"काय खाल्लं माह्या बाईनं? मले नाही ठेवलं?"

लहानीचा आत्यावर जीव होता. आणि तिच्याकडे कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सांगण्यासारखं काही होतं. तिने आत्याच्या कानाला तोंड लावलं. मी शेजारीच होते, मला ऐकू आलं.

"आंबा. कोणाले सांगू नको."

आत्याचा पदर पोरीच्या गालावरच राहिला.

"कोणं देल्ला?"

"आईनं."

आत्या ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मुलांना ओरडणं विसरता येतं. ती अगदी हळू, समजावल्यासारखी बोलली. "तुह्या बाप अजून बाहेर उभा हाय, बाई. उन्हात. त्याले पाण्याचा थेंब नाही भेटला. त्याच्या आधी तू आंबा खाल्ला? आता तो कसा पिईन?"

लहानीने हातातली काडी खाली ठेवली. काडीवर एक केशरी तुकडा शिल्लक होता.

काकू खिडकीपासून धावत बाहेर आली. "पपई होती जी, बाई. आंबा नोहे. परड्यातली पपई."

"पोट्टी आंबा म्हणते."

"मीच तिले तसं सांगतलं. पपई म्हटलं असतं तं तिनं खाल्ली नसती."

"मंग तवा खोटं बोलली का आता बोलून राहिली?" आत्या म्हणाली.

काकू म्हणाली, "तवा," आणि पोरीकडे बघितलं. पोर आईकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. ती फक्त हिशेब लावत होती. आई म्हणते मी खोटं बोलले. मोठी माणसं खोटं कधी बोलतात? तुला वाईट वाटू नये म्हणून बोलतात. तिचे बाबा बरे होणार आहेत असं सगळे तिला भादव्यात सांगत होते.

गल्लीतली पोरं एकेक करून उठून गेली. आवाज ऐकून बाबा दुकानातून आले, हात ग्रीसने काळे. काय झालं ते त्यांनी विचारलं, आणि ऐकता ऐकता त्यांची मान ताठ झाली. भाऊ गेल्यापासून गिळलेलं सगळं त्यांच्या गळ्याशी आलं असावं.

"आंबा असो का पपई असो," ते म्हणाले. "आंबा खाल्ला असंन तरी काय बिघडलं, बाई? मेलेल्या माणसाले तहान नाही लागत. लेकराच्या घशात कायले अडकवून राहिली तू हे?"

"तू बोलू नको. तुह्या पत्रकानं माह्या भावाले पाणी पोचत नाही."

"तुह्या घागरीनं बी नाही पोचत."

त्या वादात माझ्या बापाचा शब्द न् शब्द खरा होता. मी तो आजही जसाच्या तसा छापीन. पण तो वाद पोरीच्या डोक्यावरून चालला होता, आणि तिने त्यातलं एकच वाक्य उचललं: आंबा खाल्ला असेल तरी काय बिघडलं. म्हणजे आंबाच होता. नाहीतर मोठेबाबा (माझ्या बाबांना ती असंच म्हणायची) असं कशाला म्हणाले असते? मोठेबाबा तर कधीच खोटं बोलत नाहीत.

मी परड्याच्या कोपऱ्यात धावले. पपईच्या साली शेजारच्यांच्या बकऱ्यांनी केव्हाच फस्त केल्या होत्या, पण मातीत बिया उरल्या होत्या. त्या काळ्या बुळबुळीत बियांची मूठ भरून मी आणली आणि लहानीसमोर उघडली. "हे पाय. पपईच्या बिया. हीच कापली होती आम्ही."

तिने बिया पाहिल्या. मग मला विचारलं, "अन कोय कुठी हाय, ताई?"

"कोय नाहीच. आंबा नव्हताच तं कोय कुठून येईन?"

तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी तिला उकिरड्याजवळ बघितलं. ती काडीने कचरा उकरत होती. काय शोधते आहे ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

पुढचे दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. आत्या राहिली, कारण अक्ती होती. बाबा दुकानातच जेवायचे. माझी आई दिघोरीला मामाकडे उन्हाळी धानाच्या कापणीला गेली होती. ती असती तर वेगळं झालं असतं का, हा विचार मी सोडून दिला आहे. काकू कामं करत राहिली. लहानी अगदी शहाण्यासारखी वागत होती. सांगेल ते ऐकायची. दुपारी माठातून गिलासभर पाणी घ्यायची आणि गिलास घेऊन आत जायची. आम्ही म्हणायचो, उन्हाळ्याचं पाणी पिऊन राहिली, बरं आहे. त्या दिवसांत आमच्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, इतकं तापतं.

अक्तीच्या आदल्या दिवशी ती ओसरीतच पडली. अंग भाजत होतं, जीभ कोरडी, डोळे अर्धवट. बाबांनी तिला उचललं आणि काकूसोबत दवाखान्यात नेलं. आत्या अनवाणी त्यांच्या मागे धावली. मी कपडे, चादर घेण्यासाठी मागे राहिले, आणि मागाच्या खोलीचं दार किलकिलं दिसलं.

आमचा माग खड्ड्याचा आहे. विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो, तिथे पायपट्ट्या असतात. काकाचे पाय आयुष्यभर त्या खड्ड्यात होते. बाहेर सगळा गाव फुफाट्यासारखा सुकलेला असताना त्या खड्ड्यातली माती ओली होती. काठावर माठाचा गिलास पालथा ठेवलेला होता. आपल्या वाटणीचं पाणी ती रोज तिथे ओतत होती. त्याचे पाय होते तिथे.

दवाखान्यात तिला सलाईन लावलं. सकाळपर्यंत ताप थोडा उतरला, पण ती तोंडाने पाणी घेईना. नर्स म्हणाली, तोंडाने पाणी गेलंच पाहिजे. काकू चमचा ओठांना लावायची आणि लहानी ओठ मिटून घ्यायची. हट्टाने नाही, सभ्यपणे. उपास असल्यासारखी.

मी खड्ड्याचं सगळ्यांना सांगितलं. आत्या ते ऐकून पोरीच्या पायाशी बसली. अक्तीचा दिवस उजाडला होता, नवी घागर घरात कोरडी पडली होती, आणि जिने ती अड्याळहून मांडीवर आणली ती जागची हलत नव्हती. पोरीचे तळवे चोळत ती म्हणत होती, "पपईच होती, बाई. मी म्हातारी, मले नाही समजलं. पपईच होती. तुह्या बाप मले सपनात दिसला. तो म्हणते, पपई होती."

लहानीने मान हलवली. मोठ्या माणसांना बरं वाटावं म्हणून हलवतात तशी. पाणी घेतलं नाही. मग तिने दारात उभ्या असलेल्या बाबांकडे बघितलं.

"मोठेबाबा, घागर भरली का?"

बाबांनी आता सांगावं, नीट सांगावं, की घागरीने काही होत नसतं, तुझा बाप तहानलेला नाही, तू पाणी पी, असं मला वाटत होतं.

"भरतो," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या मागोमाग घरी गेले. त्यांनी साडी सोडून घागर काढली, धुतली, हापशीवर नेऊन भरली. ओसरीत थोडी जागा सारवली होती, तिथे ठेवली. वाटेत घेतलेला आंबा तिच्या तोंडावर ठेवला. आयुष्यात त्यांनी हे कधी केलं नव्हतं. आंबा नीट बसत नव्हता, सारखा कलत होता.

मी म्हटलं, "बाबा, तुमी नुसतं भरली म्हणून सांगतलं असतं तरी झालं असतं."

"या घरात एकदा खोटं बोलून झालं," ते म्हणाले. "आता अजून एक नाही सांगणार मी त्या पोरीले."

मग त्यांनी भावाचं नाव घेतलं. घरात हाक मारायचे ते नाही, शाळेच्या दाखल्यावरचं पूर्ण नाव. पाणी सोडलं. मी दाराशी उभी होते. माझ्या मनात जे चाललं होतं त्याला राग हाच शब्द आहे. आम्ही हरलो असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. आठ वर्षांच्या मुलीच्या घशाशी दुष्टपणा न करता, नुसत्या मायेने, आत्याची अक्ती जाऊन बसली होती, आणि तिला तिथून उठवण्यासाठी माझ्या बापाला स्वतःचं एक पान फाडावं लागलं.

दवाखान्यात परत आल्यावर ते तिच्याजवळ वाकले. "भरली."

"आंबा ठेवला?"

"ठेवला."

"बाबाचं नाव घेतलं?"

"घेतलं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. इतर कोणाचं तिने ऐकलं नसतं. ज्या माणसाचा घागरीवर विश्वास नव्हता, त्याच्या शब्दावरच तिचा विश्वास होता. तिने ओठ उघडले. काकूने चमच्याने पाणी घातलं, मग वाटीने. पोर घटाघट प्यायली आणि आत्या पदरात तोंड घालून रडली.

ती वाचली. शेवट एवढाच असता तर मी हे लिहिलं नसतं.

आता लहानी सातवीत आहे. जेवते, हसते, शाळेत भाषणात बक्षीस आणते. भाषण मी लिहून देते. काकूने पपईचं झाड त्याच पावसाळ्यात तोडलं. काड्यांवरची फळं आमच्या घरात पुन्हा कोणी केली नाहीत. आत्या अजून अक्तीला येते, पण घागर आता लहानी भरते. काठोकाठ भरते, सांडेपर्यंत. बाबांचं पत्रक पुन्हा निघायला लागलं आहे. ते वाटतात, घरी येतात, आणि ओसरीतल्या घागरीकडे न बघता आत जातात. मी त्यांच्याशी यावर भांडले आहे आणि पुढेही भांडणार आहे.

घागर भरून झाली की सगळे आंबा खातात. लहानी खात नाही. कोणी आग्रह केला तर म्हणते, आवडत नाही.

मागच्या अक्तीला आम्ही दोघी परड्यात भांडी घासत होतो. मी तिला सरळ विचारलं. आता ती मोठी झाली होती, विज्ञानाच्या पुस्तकात शरीराचं, मरणाचं सगळं वाचलं होतं. मेलेल्यांना तहान लागत नाही हे तिने स्वतः भाषणात म्हटलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या.

"तुले अजून वाटते का, तो आंबाच होता म्हणून?"

तिने ताट घासून पालथं ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"गोड लागला होता ना ताई," ती म्हणाली. "पपई मले कवाच गोड लागत नाही."